मदत हवी आहे: पीएचपी फॉर्ममधल्या शेवटच्या ओळी सर्व्हरवर गायब होतात

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरजवळ करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेसाठी मी पीएचपीत (सर्व्हरवर चालणारी वेब भाषा) दूध संकलनाचा प्रोग्रॅम लिहून दिलाय. एका वेळचं दूध एकाच पानावर भरतात. वर तारीख आणि सकाळ-संध्याकाळ, खाली प्रत्येक सभासदाचे चार रकाने: कोड (लपवलेला), लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक). दोन वर्षं बिनतक्रार चाललं. परवा १५ सभासद वाढून २६२ झाले आणि शेवटच्या लोकांचं दूध जमाच होईना. एरर नाही, उलट ‘नोंद झाली’ असंच दिसतं.

दहा दिवसांचं बिल निघालं तेव्हा कळलं. एक मावशी सचिवांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "रोज दोन लिटर घालतोय की आम्ही." वही होती म्हणून त्यांचे पैसे मिळाले. पण ज्यांचं घर या बिलावर चालतं त्यांच्या ओळी माझ्या कोडमुळे गळाव्यात, हे फार लागलंय.

प्रत्येक रकान्याला नेम आहे, एकही डिसेबल नाही (नाहीतर ब्राउझर तो पाठवतच नाही). ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये २६२ ओळी जाताना दिसतात. सर्व्हरवर पोस्ट अ‍ॅरे (फॉर्ममधून आलेल्या रकान्यांची यादी) छापला तर २५०व्या सभासदाचा कोड आणि लिटर येतात, फॅट नाही. पुढे काहीच नाही. होस्टिंग शेअर्ड आहे, म्हणजे सर्व्हर इतरांसोबत वाटून घेतलेला.

प्रतिसाद १
पोस्ट_मॅक्स_साइझ बघा, म्हणजे फॉर्मचा डेटा किती मोठा चालतो ती पीएचपीची सेटिंग. डिफॉल्ट ८ एमबी असतं.

धागाकर्ता
बघितलं दादा. डेटा काही केबीच आहे. शिवाय ती मर्यादा ओलांडली तर अख्खा पोस्ट रिकामा येतो ना? इथं मधेच तुटतोय.

प्रतिसाद २
रकाने मोजा. २४९ गुणिले ४ म्हणजे ९९६, वरचे दोन धरून ९९८. २५०व्याचे कोड आणि लिटर धरले की बरोबर १०००. ही मॅक्स_इनपुट_व्हार्सची मर्यादा आहे, म्हणजे पीएचपी एका फॉर्ममधून जास्तीत जास्त किती रकाने घेतं ती, डिफॉल्ट १०००. रिकामे सोडलेले रकानेही त्यात मोजले जातात. २४७ सभासद होते तोवर ९९० व्हायचे, म्हणून निभावलं. एरर लॉग उघडा, वॉर्निंग तिथं पडली असेल.

धागाकर्ता
लॉगमध्ये तीच ओळ आहे! स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत आयएनआय_सेटने (स्क्रिप्टमधून सेटिंग बदलायची आज्ञा) ही मर्यादा ५००० केली, तरी फरक नाही.

प्रतिसाद २
नाही पडणार. तुमची पहिली ओळ चालायच्या आधीच पीएचपीनं फॉर्म वाचून तोडलेला असतो. पीएचपी फास्टसीजीआयवर (वेब सर्व्हरनं पीएचपी चालवायची एक पद्धत) असेल तर स्क्रिप्टच्या फोल्डरात ‘.युजर.आयएनआय’ ही सेटिंगची फाइल करून त्यात ही मर्यादा वाढवून लिहा. पाच मिनिटं थांबा, ती फाइल कॅश होते, म्हणजे बदल लगेच वाचला जात नाही.

आणि आकडा वाढवून गप्प बसू नका. फॉर्मच्या अगदी तळाला ‘शेवट’ नावाचा एक लपवलेला रकाना टाका. तो सर्व्हरवर आला नाही तर एकही ओळ सेव्ह करू नका, भरणाऱ्याला तिथंच सांगा.

धागाकर्ता
झालं. २६२च्या २६२ आले. ‘शेवट’ही टाकला, मर्यादा मुद्दाम १००० वर आणून बघितली तर नोंद अडते आणि लाल पट्टी येते. आता २५१ ते २६२ या बारा जणांच्या नोंदी आणि २५०व्याचे फॅट-एसएनएफ वहीवरून भरायला सचिवांसोबत बसतोय. खूप आभार.