टाइप १ मधुमेह : मुलीची चिडचिड आणि नोंदवहीतले खोटे आकडे

प्रश्न – निळीशाई

माझ्या मुलीला टाइप १ मधुमेहाचे निदान होऊन दोन वर्षे झाली. ती आता १३ वर्षांची आहे. पहिले वर्षभर तिने सगळे इतक्या समजूतदारपणे स्वीकारले की भेटेल तो तिचे कौतुक करी, आणि त्या कौतुकाने आम्हीही निर्धास्त झालो. गेल्या सहा महिन्यांत मात्र चित्र पालटले आहे. साध्या प्रश्नालाही ती अंगावर आल्यासारखे उत्तर देते, दार आपटते, धाकट्या भावावर हात उगारते, आणि तासाभराने काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने शेजारी येऊन बसते.

गेल्या आठवड्यात मी साखरेच्या नोंदींची वही आणि ग्लुकोमीटरची मेमरी शेजारी ठेवून पाहिली. वहीत सलग अकरा दिवस १०८, ११५, १२२ असे आकडे सुबक अक्षरात लिहिलेले होते. मीटरमध्ये त्यांतल्या चार दिवसांची एकही नोंद नव्हती, आणि उरलेल्या दिवसांचे आकडे ५८ पासून २९० पर्यंत होते. वहीतली शाईही पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत अगदी एकसारखी, एकाच बैठकीत लिहिल्यासारखी. मी तिला अजून काहीही विचारलेले नाही.

यातले आजाराचे किती, वयाचे किती आणि स्वभावाचे किती, हे ओळखावे कसे? रागवावे, तर आजारी मुलीला रागावल्याची टोचणी लागते. न रागवावे, तर मार खाणाऱ्या भावाचा काय दोष?

उत्तर – दवबिंदू

मी बालरोगतज्ज्ञ आहे. मुलीला न तपासता तिच्याविषयी निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. त्यामुळे पुढचे मुद्दे आपण आपल्या डॉक्टरांशी बोलताना वापरावेत, एवढाच माझा हेतू आहे.

तासाभराने निवळणाऱ्या रागाचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की शरीर आधी अ‍ॅड्रेनलिन सोडते, ज्यामुळे घाम येतो, हात थरथरतात, छाती धडधडते. आणि ती आणखी घसरली की मेंदूलाच इंधन कमी पडू लागल्यामुळे मूल हट्टी, भांडखोर किंवा गोंधळलेले दिसते. अशा वेळी त्याला समजावण्यात अर्थ नसतो, कारण समजून घेणारे यंत्रच त्या क्षणी धड चालत नसते. आधी साखर मोजावी. कमी असल्यास सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे, आणि बोलणे त्यानंतरही अर्धा-पाऊण तास लांबवावे, कारण आकडा सुधारल्यावरही मेंदू पूर्ववत होण्यास थोडा अवधी लागतो. साखर फार वाढलेली असतानाही मुले चिडचिडी आणि मलूल होतात, परंतु तो राग असा झटकन येऊन झटकन जात नाही.

दुसरी गोष्ट वयाची. वयात येताना वाढीच्या संप्रेरकामुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, आणि ज्या मुलीला पूर्वी दिवसाला किलोमागे एक युनिटपेक्षा कमी इन्सुलिन पुरत असे, तिला त्याहून बरेच जास्त लागू शकते. म्हणजे ती पूर्वीइतकीच काळजी घेत असली तरी आकडे बिघडतात, आणि घरातले समजतात की ती निष्काळजी झाली. हा गैरसमज मी इतक्या वेळा पाहिला आहे की डोस शेवटचा कधी बदलला, हे मी आता सर्वांत आधी विचारतो.

थायरॉइडची तपासणी वेळेवर झाली आहे का, हेही पाहावे. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांमध्ये थायरॉइडचे विकार इतर मुलांपेक्षा अधिक आढळतात. थायरॉइड मंदावले तर मूल उदास वाटते आणि वाढले तर अस्वस्थ व तापट.

एक गोष्ट सावधगिरीची, तीही घाबरवण्यासाठी नव्हे. काही किशोरवयीन मुली वजन कमी व्हावे म्हणून इन्सुलिन मुद्दाम टाळतात. इन्सुलिनची कुपी हिशोबापेक्षा जास्त दिवस पुरू लागली, वजन उतरू लागले, आणि मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीए१सी वहीतल्या आकड्यांशी जुळेनासे झाले, तर ही शंका मनात यायलाच हवी. उलट्या, पोटदुखी, खोल व वेगाने चालणारा श्वास ही इन्सुलिनअभावी रक्तात कीटोन नावाची आम्ले साठल्याची लक्षणे असू शकतात. तेव्हा वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

उत्तर – पानगळ

मी वयाच्या नवव्या वर्षापासून इन्सुलिन घेतो आणि आता २७ वर्षांचा आहे. खोट्या आकड्यांची वही मीही लिहिली आहे, आणि आपल्या मुलीपेक्षा जास्त सफाईने. नोंदी वेगवेगळ्या दिवशी केल्यासारख्या दिसाव्यात म्हणून मी दोन पेने ठेवत असे, आणि अधूनमधून मुद्दाम एखादा १८० घालत असे, कारण सगळेच आकडे चांगले असले की संशय येतो. एकाच शाईत अकरा दिवस लिहिणारी मुलगी अजून सराईत झालेली नाही, याचा मला तरी दिलासा वाटतो.

मी हे का करत होतो, ते सांगतो. मीटरवर २४० दिसले की घरात एकच प्रश्न येई, "काय खाल्लेस?" कधीकधी मी काहीच खाल्लेले नसे; सर्दी झालेली असे, किंवा झोप झालेली नसे. पण त्या प्रश्नाचे उत्तर "काही नाही" असे दिले, तर ते खोटे समजले जाई. मग ज्या खोट्यावर लोक विश्वास ठेवतात तेच लिहावे, असे मला सोयीचे वाटू लागले. "चांगली साखर" आणि "वाईट साखर" हे शब्द आमच्या घरात सर्रास वापरले जात. मी स्वतःलाही त्याच मापाने मोजत होतो, हे फार उशिरा लक्षात आले.

दुसरे कारण भीतीचे. एकदा वर्गात साखर उतरली आणि मी फळ्यासमोर उभा राहून असंबद्ध बोललो, मुले हसली. त्यानंतर कित्येक महिने परीक्षेच्या दिवशी मी इन्सुलिन जाणूनबुजून कमी घेत असे, म्हणजे साखर वरच राहील. बाहेरून पाहणाऱ्याला तो आळस दिसला असता.

आपल्या जागी मी असतो, तर खोट्या आकड्यांपेक्षा त्या चार रिकाम्या दिवसांविषयी अधिक विचार केला असता. खोटे लिहिणाऱ्याला अजून आपल्या मताची पर्वा असते. मोजणेच सोडून देणारा मात्र थकलेला असतो. हा आजार सुट्टी देत नाही, आणि ते ओझे रोज एकट्याने वाहणाऱ्या मुलाला उदासीनतेचा आजार झालेला नसला तरीही तो मनाने पार शिणू शकतो. शक्य असेल तर आठवड्यातून काही वेळा मोजणे, हिशोब करणे आणि इंजेक्शन देणे हे सगळे आपण करावे, आणि त्या वेळी आकड्यावर एकही शब्द बोलू नये.

उत्तर – ओसरी

माझा मुलगा ११ वर्षांचा आहे आणि त्याला अपस्मार आहे. आजार वेगळा आहे, तरी लिहिते, कारण आमच्याकडे राग आजारातून नव्हे तर औषधातून आला होता. लेव्हेटिरॅसिटॅम सुरू झाल्यावर फिट थांबल्या, पण तीन आठवड्यांत मुलगा ओळखू येईनासा झाला: रडे, फेकाफेक करी, आणि रात्री "मला असे का होते?" असे विचारी. आम्ही त्याला शिस्त लावण्याचा कसून प्रयत्न केला, याची आजही लाज वाटते. चिडचिड आणि आक्रमकपणा हे या औषधाचे परिचित दुष्परिणाम आहेत, हे डॉक्टरांकडून कळल्यावर त्यांनीच ते हळूहळू कमी करून दुसरे दिले. (असे औषध स्वतःहून अचानक बंद करू नये, फिट उलटू शकतात.) स्टेरॉइडमुळेही मुलांची झोप आणि मनःस्थिती बिघडते, आणि दम्यासाठी देतात त्या माँटेलुकास्टवर अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये अशाच परिणामांसाठी ठळक इशारा छापायला लावला. तेव्हा मुलीला इन्सुलिनखेरीज आणखी काही सुरू असेल, तर तेही तपासून घ्यावे.

एका बाबतीत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. कारण शरीरात सापडले म्हणून मारण्याला मुभा मिळत नाही. आम्ही मुलाला त्या क्षणी काही बोलत नसू, पण शांत झाल्यावर ज्याला लागले त्याची विचारपूस त्याने करायची, हा नियम औषध बदलण्याआधीही होता आणि नंतरही राहिला. आपला धाकटा मुलगाही हे सगळे पाहतो आहे. ताईला सारे माफ असते, एवढेच त्याच्या मनात बसायला नको.

निळीशाई

सर्वांची आभारी आहे. दोन आठवडे मी प्रत्येक भांडणाची वेळ लिहून ठेवली आणि तेव्हाची साखर मोजली. नऊ प्रसंगांपैकी पाचांत साखर ७० च्या खाली होती, आणि ते पाचही संध्याकाळी खेळून आल्यानंतरचे होते. डॉक्टरांनी खेळाच्या दिवसांसाठी इन्सुलिनचा डोस बदलून दिला आहे. थायरॉइडची तपासणी पुढील भेटीत होईल. उरलेल्या चार प्रसंगांत साखर ठीक होती, म्हणजे ती भांडणे तिची स्वतःची होती.

वहीविषयी मी रागावले नाही. वही आता बंद केली आहे, आकडे मीटरमध्येच राहतील, आणि रविवार व बुधवार हे दोन दिवस सगळे मी करेन, असे तिला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "आणि २९० आले तर?" मी म्हणाले, तर इन्सुलिनचा हिशोब करू. तिचा अजून विश्वास बसलेला दिसत नाही. काल मीटर हातात घेऊन ती माझ्या चेहऱ्याकडेच पाहत होती. भावाची विचारपूस मात्र तिने अद्याप एकदाही केलेली नाही.