आधी टायर की आधी पाटे? रस्त्यावर चालणाऱ्या ड्रॅग कारचा वाद

पहिलाच_गिअर: गाडी रिअर व्हील ड्राइव्ह, मागे सॉलिड एक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच अखंड एक्सल) आणि पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. हीच गाडी रोज कामाला नेतो आणि हीच सुट्टीच्या दिवशी ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीवर. पहिले ६० फूट जायला २.१ सेकंद लागतात. क्लच सोडला की मागची चाकं धाडधाड उड्या मारतात. पैसे एकाच कामापुरते आहेत. माझं मत, आधी ड्रॅग रेडियल घ्यावेत, म्हणजे रस्त्यावरही चालणारे चिकट रबराचे टायर. बोला.

पाटेवाला: साफ चूक. चाक पुढे फिरतं तेव्हा एक्सलचं घर उलटं फिरू बघतं. पिनिअनचं (एक्सल फिरवणाऱ्या गिअरचं) नाक वर जातं आणि पाट्याचा पुढचा भाग इंग्रजी एससारखा वाकतो. टायर घसरला की पाटा फटकन सरळ होतो, पुन्हा पकडतो, पुन्हा वाकतो. उड्या त्याच्याच. यावर चिकट टायर चढवलास की तोच झटका एक्सल शाफ्ट आणि युनिव्हर्सल जॉइंट खातात. आधी ट्रॅक्शन बार लाव, म्हणजे पाट्याला वाकू न देणारे त्याच्याखालचे दांडे. आणि बारचं रबर पाट्याच्या पुढच्या डोळ्याखाली (बोल्ट जातो त्या गोल टोकाखाली) टेकलं पाहिजे. मधेच टेकलं तर बारच पाटा वाकवेल.

साठफुटी: पाटेवाले, बार लावाल हो, पण जमिनीला धरणार कोण? साधा टायर तापून तापून किती तापणार! माझ्या गाडीला बार होते, चांगले शॉक अ‍ॅब्सॉर्बर होते, तरी जागेवर धूर. २७५/६० १५ मापाचे ड्रॅग रेडियल बसवले आणि २.० वरून १.७ वर आलो, बाकी एक नट हलवला नाही. रस्त्यावर हवा ३० पौंड, स्ट्रिपवर १८ पासून सुरुवात करून एकेका पौंडाने बघायचं. बर्नआउट (जागेवर चाक फिरवून टायर तापवणं) थोडाच, हलका धूर दिसला की बास.

रोजचा_चालक: एक गोष्ट दोघंही गाळताय. ही गाडी ओल्या रस्त्यावरही जाणार आहे. ड्रॅग रेडियलच्या खाचा उथळ, पाणी बाहेर फेकायला जागाच नाही. शिवाय तापणं-थंड होणं चालूच राहिलं की रबर कडक होत जातं. रोज वापरून तुम्ही पकडच झिजवता. मी मागच्या चाकांचा दुसरा जोड डिकीत नेतो आणि स्ट्रिपवर बदलतो. कंटाळवाणं आहे, मान्य.

साठफुटी: डिकीत दोन चाकं, जॅक, पाना... मग स्टेपनी कुठे, मांडीवर?

पाटेवाला: १.७ मला खोटं वाटत नाही. पण बार तुमच्याकडे आधीच होते, हे तुम्हीच लिहिलंत! याच्याकडे नाहीत. आणि रेडियल एकदा घसरायला लागला की सहसा परत धरत नाही, थ्रॉटल सोडावाच लागतो. बायस स्लिक (तिरप्या थरांचा, खाचा नसलेला शर्यतीचा टायर) थोडी फिरून सावरते. म्हणजे रेडियलवाल्यालाच पाटे नीट हवेत. हां, पुढे रेडियल आणि मागे बायस असं रस्त्यावर चालवू नये, गाडी शेपूट हलवते.

रोजचा_चालक: पहिलाच_गिअर, आधी फुकटचं कर. शॉकच्या दांड्याला केबल टाय आवळ, खाली सरकवून ठेव आणि एक रन मार. टाय कुठे थांबला त्यावरून मागचा भाग किती दबला ते कळतं. टायरच्या कडेपासून रिमपर्यंत खडूची एक रेघ ओढ. रनानंतर रेघ तुटलेली दिसली तर टायर रिमवर फिरतोय, हवा फार कमी आहे. आणि काळा पट्टा एकच उमटतोय का दोन? फक्त उजवा असेल तर डिफरेन्शियल (दोन चाकांत जोर वाटणारा गिअर) ओपन प्रकारचं आहे, एक चाक घसरलं तर तेच फिरत राहतं. प्रॉपेलर शाफ्टचा पीळ उजवं चाक उचलू बघतो, ते एकटंच फिरतं. मग टायर घ्या नाहीतर बार घ्या, अर्धं वाया.

पहिलाच_गिअर: केलं. पट्टे दोन आहेत, रेघ जागेवर. पण खाली शिरलो तर डाव्या पाट्याच्या पुढच्या डोळ्यातलं रबर बुश फाटून बाजूला आलेलं, बोल्ट घासून चांदीसारखा चकाकतोय. बोट घातलं तर आत जातं. एक्सल पुढे-मागे सरकत होता म्हणजे.

पाटेवाला: बघा! पाटेच निघाले.

साठफुटी: बुश निघालं, पाटे नाहीत. ते स्वस्तात बदलून होईल. उरलेल्या पैशात टायर घे.

पाटेवाला: बार!