ब्रेकला भाव चढलेला प्लेअर विकायचा की धरून बसायचं? (२०२५ च्या सीझननिमित्त)

खडूस कॅचर

बेसबॉलचा सीझन संपला, वर्ल्ड सिरीज (फायनल) पुन्हा डॉजर्सच घेऊन गेले, म्हणजे आता भांडायला वेळच वेळ आहे. माझं म्हणणं मी लीगच्या ग्रुपवर ओरडून ओरडून दमलोय म्हणून इथे धागा काढतो. ऑल-स्टार ब्रेकला (जुलैच्या मध्यातली सीझनची सुट्टी) ज्याचा भाव सगळ्यात जास्त चढलाय तो फँटसी टीममधून (खऱ्या प्लेअरांच्या आकड्यांवर चालणारी आपली कागदावरची टीम) विकून टाकायचा, म्हणजे दुसऱ्या मालकाला देऊन बदल्यात त्याचे प्लेअर घ्यायचे. तुम्ही टोपी कुठल्या टीमची घालता, पोराच्या खोलीत कोणाचं पोस्टर आहे, ते सगळं घरी ठेवायचं.

पीट क्रो-आर्मस्ट्राँग घ्या. कब्जचा सेंटर फील्डर, ड्राफ्टच्या (प्लेअर वाटून घेण्याच्या) वेळी लोक म्हणत होते पळतो छान, फील्डिंग भारी (जिचे फँटसीत शून्य पॉइंट), बॅटिंगचं बघू. ब्रेकपर्यंत गड्याने २५ होमर (होमरन) मारले आणि २७ बेस चोरले (म्हणजे पळून पुढचा बेस गाठला, यालाच स्टील म्हणतात), लगेच एमव्हीपीच्या (सर्वोत्तम प्लेअरच्या बक्षिसाच्या) गप्पा सुरू, पुढच्या वर्षी पहिल्या राउंडात जाणार वगैरे. ब्रेकनंतर काय, तर ६ होमर, ८ स्टील, ॲव्हरेज (बॅटिंगच्या संधींपैकी किती वेळा हिट) .२१६. शेवटचा आकडा ३१ होमर ३५ स्टील बघून वाटतं वा काय सीझन आहे, पण ज्याने तो जुलैत घसघशीत किंमत मोजून घेतला त्याला विचारा. जेम्स वूड बघा, ब्रेकपर्यंत २४ होमर आणि नंतर ७. एली डे ला क्रूझ १८ आणि नंतर ४. तिघेही पोरगेलेसे, तिघांबद्दलही 'आता हा सुटला' असं सगळे म्हणत होते, आणि तिघांच्याही बदल्यात जुलैत काय वाट्टेल ते मिळालं असतं.

मी मूळचा नाशिककडचा, लासलगावात भाव चढला की चाळीतला कांदा बाहेर काढायचा असतो एवढं मला कळतं. अजून चढेल म्हणून बसलेल्यांचं काय होतं तेही बघितलंय.

मधुरा_जर्सी

तीन नावं बरोबर शोधून आणलीत हो, आणि सिॲटलच्या कॅल रॅलेचं नाव सोयीस्कर विसरलात. ब्रेकला सगळ्यात जास्त भाव कोणाचा चढला होता? त्याचाच. ३८ होमर, तेही कॅचरने! शिवाय होमरन डर्बी (ब्रेकमधली होमर मारायची स्पर्धा) पण जिंकला, म्हणजे 'डर्बीनंतर स्विंग बिघडतो' म्हणणारी मंडळीही विका विका करत होती. तुमच्या नियमाने तोही विकायचा होता. पुढे त्याने अजून २२ मारले, ६० वर नेलं. साल्वाडोर पेरेझचा २०२१ चा ४८ चा कॅचरांचा रेकॉर्ड गेला, मिकी मँटलचा १९६१ पासूनचा स्विच हिटरचा (डावा-उजवा दोन्ही बाजूंनी बॅटिंग करणाऱ्याचा) ५४ चा रेकॉर्ड गेला. बहुतेक कॅचरना अख्ख्या सीझनात २२ होत नाहीत, याने उरलेल्या अडीच महिन्यात मारले.

कांदा सडतो काका, रॅले सडला नाही.

खडूस कॅचर

काका कोणाला म्हणता, मी अजून चाळिशीत नाही आलो.

रॅलेबद्दल म्हणाल तर ३८ वरून २२ ही घसरणच आहे, ॲव्हरेजही .२५९ चं .२४७ झालं. जुलैत त्याच्या बदल्यात पहिल्या राउंडचा आउटफील्डर आणि वर एक चांगला स्टार्टर (मॅच सुरू करणारा पिचर) मागता आला असता. मी फुकट देऊन टाका म्हणत नाहीये, विका म्हणतोय.

सातवी इनिंग

दोघेही आकड्यावर भांडताय, आकडा कशामुळे आला ते कोणीच बघत नाहीये. खडूसरावांनी तीन माणसं एका पोत्यात भरलीत पण ती तीन वेगळी प्रकरणं आहेत.

क्रो-आर्मस्ट्राँग झोनबाहेरच्या (स्ट्राइक न धरल्या जाणाऱ्या) बॉलवर बॅट फिरवण्यात अख्ख्या लीगमध्ये वरच्या नंबरात आहे. वॉक (बाहेरचे बॉल सोडून फुकटात मिळणारा बेस) पाच टक्क्यांच्याही खाली. असा माणूस तीन महिने सगळं उचलून मारू शकतो, पण पिचर लोक काही झोपलेले नसतात, एकदा कळलं की याला स्ट्राइक टाकायची गरजच नाही, की मग बाहेर बाहेर टाकत राहतात आणि हा फिरवत राहतो. हे जूनमध्येच दिसत होतं, कोणाच्याही पेजवर फुकटात. वूडचं उलटं आहे, तो वॉक भरपूर घेतो, नजर चांगली आहे, पण बॅट बॉलला लागतच नाही, २२१ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) म्हणजे मार्क रेनॉल्ड्सच्या २००९ च्या २२३ च्या रेकॉर्डला खेटून. आणि एलीचा तर सरळ दुखापतीचा मामला, मांडीचा स्नायू जुलैअखेरीस थोडा फाटला होता आणि तसाच खेळत राहिला, १६२ च्या १६२ मॅच. फाटक्या मांडीवर कोण होमर मारणार आणि कोण बेस चोरणार?

म्हणजे एक विकायचा, एक किंमत बघून ठरवायचं, आणि एकाला पडल्यावर उलट स्वस्तात घेऊन पुढच्या वर्षासाठी ठेवायचा (तुमच्या लीगमध्ये कीपर, म्हणजे प्लेअर पुढच्या सीझनला ठेवायची सोय असेल तर). सगळ्यांना एकच औषध काय देताय.

खडूस कॅचर

छान. आता मला सांगा, एलीची मांडी फाटलीये हे तुम्हाला कधी कळलं? सीझन संपल्यावर, टीमने सांगितलं तेव्हा! ऑगस्टमध्ये तुम्ही काय म्हणत होतात मला माहीत नाही पण सगळे म्हणत होते थांबा, येतोच आता फॉर्मात, एवढा टॅलेंटेड पोरगा. कारण बघा, कारण बघा म्हणणं सोपं आहे हो, कारण टीमवाले लपवून ठेवतात. किंमत मात्र माझ्यासमोर रोज उघडी असते. म्हणून मी किमतीवर जातो.

सातवी इनिंग

हा मुद्दा मान्य, एलीच्या बाबतीत. क्रो-आर्मस्ट्राँगच्या बाबतीत नाही.

नवखा पुणेकर

मध्ये बोलतोय, माफी असावी. मी क्रिकेटचं फँटसी खेळायचो, ऑगस्ट २०२५ मध्ये पैशाच्या ऑनलाइन गेमिंगवर बंदीचा कायदा आला आणि ड्रीम इलेव्हनच्या पेड कॉन्टेस्ट बंद झाल्या, तेव्हापासून रिकामा आहे. डॅलसला असलेल्या मामेभावाने मला त्याच्या बेसबॉल लीगमध्ये ओढलंय. पण हे 'विकायचं' काय प्रकरण आहे? आपल्याकडे तर रोज नवीन टीम बनवायची, काल कोण काय होता त्याच्याशी देणंघेणं नाही.

रिकामा डगआउट

पुणेकर, स्वागत. इथे मार्चमध्ये एकदा ड्राफ्ट होतो आणि तीच टीम सप्टेंबरअखेरपर्यंत चालवायची. एक प्लेअर एकाच मालकाकडे. म्हणजे तुमच्याकडे ॲरन जज (यँकीजचा स्टार) असेल तर लीगमधल्या बाकी अकरा जणांकडे नाही. कोणाला काढायचं असेल तर काढून वेव्हरवरून (कोणाकडेच नसलेल्या प्लेअरांतून) दुसरा घ्या, नाहीतर दुसऱ्या मालकाशी अदलाबदल करा. साधारण दहा कॅटेगरी असतात, बॅटिंगच्या पाच (ॲव्हरेज, रन, होमर, आरबीआय म्हणजे आपल्या बॅटिंगमुळे निघालेले रन, स्टील) आणि पिचिंगच्या पाच (विन, सेव्ह म्हणजे शेवटी थोडक्यातली आघाडी टिकवणं, स्ट्राइकआउट, ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेले रन, व्हिप म्हणजे इनिंगमागे दिलेले हिट आणि वॉक). १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी न्यूयॉर्कच्या एका फ्रेंच रेस्टॉरंटात जेवता जेवता हे सुरू केलं, त्या हॉटेलच्या नावावरून अजून रोटिसरी म्हणतात. तेव्हा आकडे पेपरातून हाताने उतरवून बेरजा करायचे. आता फोन दर पिचला थरथरतो आणि बायको डोळे वटारते.

ब्रेकचं महत्त्व एवढंच, की तेव्हा अर्ध्याहून जास्त सीझन झालेला असतो, सगळ्यांना आपण कुठे आहोत कळलेलं असतं, आणि ट्रेड करायला थोडेच आठवडे उरलेले असतात. त्यामुळे बाजार गरम.

तात्या फ्रिमाँटकर

कारण बघा म्हणता तर सगळ्यात मोठं कारण कोणी काढलंच नाही अजून. ३१ जुलै! खऱ्या टीमांची ट्रेड डेडलाइन. त्या दोन दिवसात जेवढा भाव चढतो पडतो तेवढा फॉर्मने अख्ख्या सीझनात होत नाही, आणि त्यात त्या बिचाऱ्या प्लेअरने चांगलं वाईट काहीच केलेलं नसतं.

मेसन मिलर बघा. आमच्या एजचा, म्हणजे ॲथलेटिक्सचा (आमच्या म्हणायची सवय जात नाही, ते ओकलंड सोडून २०२४ नंतर सॅक्रामेंटोला पळाले आणि आम्हाला बीएआरटीने (इथली लोकल ट्रेन) जायची मॅच गेली, मालकाबद्दल इथे लिहिलं तर ॲडमिन उडवतील). एजकडे २० सेव्ह, क्लोजर (शेवटची इनिंग टाकून सेव्ह मिळवणारा पिचर) म्हणून घट्ट. सॅन डिएगोला (पाड्रेज) ट्रेड झाला, तिथे रॉबर्ट सुआरेझ आधीच बसलेला, तो काही हलला नाही. मिलरने पाड्रेजकडे ०.७७ ईआरए टाकला, म्हणजे आधीपेक्षा कितीतरी भारी पिचिंग, आणि सेव्ह किती तर २. ज्याने त्याला सेव्हसाठी ठेवला होता तो कपाळ धरून बसला. रायन हेल्स्लीचं त्याहून वाईट, सेंट लुइसचा क्लोजर, मेट्सकडे गेला तर तिथे एडविन डियाझ, म्हणजे सेव्ह गेले, आणि वर ७.२० ईआरए, म्हणजे उरलंसुरलंही गेलं.

बॅट्समनमध्ये युहेनियो सुआरेझ. ॲरिझोनाकडे १०६ मॅचमध्ये ३६ होमर, मग सिॲटलला गेला. सिॲटलचं मैदान बॅटिंगवाल्यांचं स्मशान आहे हे कोणाला माहीत नव्हतं? १३ होमर, .१८९. सीझनअखेर ४९ दिसतात म्हणून लोक खूश, पण त्या .१८९ ने माझ्या ॲव्हरेजची कॅटेगरी खाल्ली.

त्यामुळे माझा नियम असा की जो जुलैत खऱ्या बाजारात विकला जायची शक्यता आहे, विशेषतः पडेल टीमचा क्लोजर, तो आपण आधी विकायचा. फॉर्म बिर्म नंतर.

मधुरा_जर्सी

तात्या, हे पटलं, क्लोजरच्या बाबतीत तर शंभर टक्के.

पण खडूसरावांना माझा मूळ प्रश्न अजून तसाच आहे. तुम्ही कायम चढलेल्याला विकायचं बोलता, पडलेल्याला घ्यायचं का नाही बोलत? खरी लीग तिथे जिंकली जाते. हुआन सोटो घ्या, मेट्सनी १५ वर्षांचे ७६ कोटी ५० लाख डॉलर दिले आणि मे संपेपर्यंत ॲव्हरेज .२३० च्या आसपास, न्यूयॉर्कचा अख्खा रेडिओ त्याच्या नावाने खडे फोडत होता, आमच्या ऑफिसातले मेट्सवाले तर सुतक पाळत होते. मी तेव्हा घेतला, एक बरा पिचर आणि एक त्या महिन्यात पेटलेला सेकंड बेसमन देऊन. शेवटी ४३ होमर आणि ३८ स्टील! ज्याने त्याआधी कधी एका सीझनात १२ च्या वर बेस चोरले नव्हते त्याने. २०२४ ला जज एप्रिलअखेर दोनशेच्या आसपास घुटमळत होता, संपवलं .३२२ आणि ५८ होमरवर. २०२३ ला ट्रे टर्नर ऑगस्ट उजाडला तरी .२३५ वर, फिलाडेल्फियाच्या प्रेक्षकांनी ४ ऑगस्टला शिव्या द्यायच्या ऐवजी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि नंतर त्याने १६ होमर मारले, आधीच्या चार महिन्यांत १० होते.

खडूस कॅचर

टाळ्यांमुळे होमर लागतात हे नवीनच. मग आमच्या टीमसाठीही वाजवा.

मधुराताई, सोटो तुम्हाला विकणारा तो मालक कोण, त्याचा नंबर द्या. आमच्या लीगमध्ये सोटो, जज पडल्या भावात कोणी देत नाही, नाव मोठं असलं की मालक म्हणतो येईल फॉर्मात, आणि येतोच. जे स्वस्तात मिळतात ते खरंच गेलेले असतात. पडलेला घ्या हा सल्ला कायम सांगताना छान वाटतो, करायला गेलं की समोर दगड.

मधुरा_जर्सी

आणि चढलेला विका हा? समोरच्याला पण हेच आकडे दिसतात ना, तोही म्हणतो हा घसरणार, मी का घेऊ. तुमच्या सगळ्या ट्रेड गिऱ्हाईक मूर्ख आहे या गृहीतकावर चालतात.

सातवी इनिंग

हा खरा षटकार. (होमर म्हणा.)

रिकामा डगआउट

पिचरांबद्दल कोणी बोलत नाहीये म्हणून दोन ओळी. मिल्वॉकीचा मिसिओरोव्स्की, १२ जूनला पहिली मॅच, पाच इनिंगमध्ये एकही हिट नाही दिला, आणि फक्त पाच स्टार्टवर ऑल-स्टार टीममध्ये. लोकांनी वेव्हरचं अख्खं बजेट ओतलं. सीझनअखेर ईआरए ४.३६. त्याच काळात बाल्टिमोरचा ट्रेव्हर रॉजर्स दुखापतीतून परत आला, आदल्या वर्षी एवढा मार खाल्ला होता की फुकट पडला होता तरी कोणी हात लावेना, आणि त्याने १८ स्टार्टमध्ये १.८१ टाकला. पॉल स्कीन्सने १.९७ ईआरए, साय यंग (सर्वोत्तम पिचरचं बक्षीस) एकमताने, आणि विन १० हार १०, कारण पायरेट्स त्याच्यासाठी रनच काढत नाहीत. मला पिचरांत चढ उतार कळतो असं छातीठोक सांगणाऱ्याने आपली टीम दाखवावी.

तात्या फ्रिमाँटकर

आणि निक कर्ट्झ? एप्रिलमध्ये वर आला, मध्ये कंबरेच्या दुखण्याने बाहेर, जुलैत असा पेटला की २५ तारखेला ह्यूस्टनमध्ये एका मॅचमध्ये चार होमर, सहापैकी सहा हिट. खडूसच्या हिशोबाने २६ जुलैला सकाळी उठून विकायचा होता. ३६ होमर आणि .२९० वर संपवलं, रूकी ऑफ द इयर. असे सोडून द्यायचे का?

खडूस कॅचर

२६ ला सकाळी मला कोणी काय देऊ केलं यावर अवलंबून. चार होमरच्या दुसऱ्या दिवशी लोक किडनी देतात.

नवखा पुणेकर

सगळं वाचलं, अर्धं कळलं. मला मार्चमध्ये एवढंच सांगा, कॅल रॅलेला पहिल्या राउंडात घ्यायचा का?

मधुरा_जर्सी

घ्यायचा. कॅचरच्या जागेवर तेवढा फरक दुसरा कोणी देत नाही.

खडूस कॅचर

नाही. ६० चा भाव लागणार, मिळणार चाळीसेक. दुसऱ्या राउंडात आला तर घ्या.

मधुरा_जर्सी

दुसऱ्या राउंडापर्यंत येणार नाही, माझा नंबर तुमच्या आधी असेल.

सातवी इनिंग

पुणेकर, आधी मामेभावाला विचारा तुमच्या लीगमध्ये ॲव्हरेज मोजतात की ऑन बेस (ज्यात वॉकही धरतात). ऑन बेस असेल तर वूडचा धागा वेगळा काढू.