हरभऱ्याच्या बियाण्याला नॅनो सिलिका चोळावी का?

अथणीकर: बियाण्याचा हरभरा ठेवणाऱ्यांनी नॅनो सिलिका, म्हणजे सिलिकेची अतिबारीक भुकटी, वापरावी, असं माझं ठाम मत आहे. साठवलेल्या हरभऱ्याला लागणाऱ्या भुंगेऱ्याच्या अंगावरच्या मेणाच्या पातळ थरामुळं त्याच्यातलं पाणी टिकतं. ही भुकटी तो थर शोषून घेते आणि भुंगेरा वाळून मरतो. मोठा झालेला भुंगेरा दाणा खातच नाही, मग पोटविषाचा काय उपयोग? अंगाला लागणारीच वस्तू पाहिजे. किलोला 1 ग्रॅम, म्हणजे 50 किलोच्या पोत्याला 50 ग्रॅम. सगळं एकदम ओतून फावड्यानं हलवू नका, भुकटी तळाला बसते. 10-10 किलो झाकणाच्या पिंपात घालून लोळवा. तोंडाला एन-95 मास्क हवाच.

खानापूरकर: अथणीचा हिशेब खानापूरला लावू नका. इथं पावसाळाभर हवा ओलसर. अशा हवेत भुंगेऱ्याच्या अंगातलं पाणी फारसं उडत नाही, शिवाय साधी सिलिका हवेतलं पाणी ओढते ते वेगळंच. आणि मूळ अडचण निराळी आहे. मादी अंडं दाण्यावर चिकटवते. अळी अंड्याच्या तळातून थेट दाण्यात शिरते, बाहेर येतच नाही. भिंग घेऊन बघा की: चकचकीत अंडं पांढरं झालं म्हणजे अळी आत गेली, तो पांढरा रंग तिनं मागं सारलेल्या भुश्याचा. तिला तुमची भुकटी कुठं लागणार?

अथणीकर: अंड्याचं म्हणणं बरोबर आहे, म्हणूनच भुकटीआधी हरभऱ्याला ऊन द्यायचं. पण आतली अळी भुंगेरा होऊन बाहेर पडते तेव्हा भुकटीतूनच जाते, आणि पुढची अंडी कमी पडतात. ओल्या हवेसाठी पाणी न धरणारी सिलिका असते, ती घ्यावी.

निपाणीकर: यातून कोणी उभ्या सोयाबीनवर हीच भुकटी फवारायला निघेल, म्हणून सांगतो: शेतात हे चालवू नका. पाऊस-दवात भुकटी पानावर टिकत नाही, आणि मेणाचा थर ढालकिडा आणि मधमाशीलाही असतो. नॅनो यूरिया हे खत आहे, कीटकनाशक नव्हे. दुकानात दोन्ही एकाच फळीवर असली तरी. कीड मारायचं म्हणून जे विकतील, त्यावर 1968 च्या कीटकनाशक कायद्याखालचा नोंदणी क्रमांक आहे का बघा. नसेल तर परत द्या.

खानापूरकर: हे पटलं. आमच्या बाजूला मात्र मी हवाबंद पिशवीच सांगेन. ओलावा 10 टक्क्यांच्या आत आला, दाणा दाताखाली कट् करून फुटला, की भरायचा. हवा दाबून काढायची, तोंड पिळून दुमडून दोनदा बांधायचं. आतला प्राणवायू संपला की अळी दाण्यातच मरते. भुकटीला हे जमत नाही. घाट्याचं टोक किंवा उंदराचा दात लागून एक भोक पडलं की मात्र सगळं वाया, म्हणून हरभरा चाळूनच भरा.

अथणीकर: पिशवी दर महिन्याला उघडून बघणाऱ्यांचं काय? तिथं भुकटीच बरी. खाण्याच्या डाळीला मात्र मीही घालणार नाही.