सराव बघायला मुलांना जरूर न्या

बरेच जण विचारतात की फुटबॉलचा सामना टीव्हीवर दिसतोच, मग पोराबाळांना घेऊन क्लबचा नुसता सराव बघायला कशाला जायचं? आम्ही एकदा गेलोय, म्हणून लिहितो.

आमच्या घरात मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचं वेड २०२१ पासूनचं. करोनामुळे इंडियन सुपर लीगची अख्खी स्पर्धा गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये. फायनलला ९०व्या मिनिटाला मुंबईच्या बिपिन सिंगने गोल मारला आणि आमचे बाबा गुडघेदुखी विसरून नाचले.

सरावात गोल कमी, रोंडो जास्त. रोंडो म्हणजे खेळाडू रिंगण करून उभे राहतात, एका-दोन स्पर्शांत पास देतात आणि मधले दोघे चेंडू हिसकावायला जिवाच्या आकांताने धावतात. चेंडूचा ठक्क आवाज, एकमेकांवरचा आरडाओरडा हे टीव्हीवर कुठलं ऐकू यायला! गोलकीपर मात्र कोपऱ्यात वेगळे, सारखे झेपावून पडत होते. आईला त्यांचीच कीव आली. लेक त्या दिवसापासून डाव्या पायाने भिंतीवर चेंडू मारतेय, कारण मुंबई सिटीचा खेळाडू छांगटे डावखुरा. शेजारी वैतागलेत, ते सोडा.

सराव रोज खुला नसतो, तेव्हा क्लबच्या घोषणांवर लक्ष ठेवा. तोवर अंधेरीत एखादा सामना बघून या. मेट्रोने आझाद नगरला उतरायचं. गाडी अजिबात नेऊ नका.