ऑस्ट्रेलियातील गंडगाय हे गाव नदीच्या पूररेषेत का वसवले होते?

मिठीकाठ (कुर्ला):
मुलाकडे सिडनीला गेलो असता मेलबर्नच्या वाटेवर गंडगाय या जेमतेम दोन हजार वस्तीच्या गावी आम्ही थांबलो होतो. गावाचा मुख्य रस्ता उंचावर आहे आणि खाली मरंबिजी नदीकाठची मोठी सपाट जमीन रिकामी आहे. तिथे गुरे चरत होती. जुने गाव त्या सपाटीवरच होते आणि ते १८५२ च्या पुरात वाहून गेले, असे कळले. २६ जुलै २००५ ची रात्र आम्ही सहा जणांनी पोटमाळ्यावर काढलेली असल्यामुळे हा प्रश्न मनातून जात नाही. पुराची कल्पना कोणालाच नव्हती काय?

जुनी वही (गिरगाव):
कल्पना होती. सिडनीहून दक्षिणेला जाणारी वाट इथे नदी ओलांडत असे, बैलगाड्या आणि मेंढ्यांचे कळप इथेच थांबत, त्यामुळे खानावळी आणि दुकाने नदी ओलांडण्याच्या जागेजवळच उभी राहिली आणि १८३८ मध्ये गावाची आखणीही तिथेच झाली. तिथल्या मूळच्या विराजुरी लोकांनी ही जागा पाण्याखाली जाते असे बजावले होते. १८४४ च्या पुरानंतर रहिवाशांनी उंचावरची जमीन बदलून मागितली, पण सरकारने ती दिली नाही. माझ्या मते खरा दोष इथे आहे, कारण सारी पुंजी ज्या जमिनीत घातली, ती सोडून जाणे साध्या माणसाला परवडत नाही. जून १८५२ मध्ये पाणी चढले तेव्हा अनेक कुटुंबे तुमच्यासारखीच माळ्यावर चढली, परंतु घरेच वाहून गेली. सुमारे २५० वस्तीपैकी ऐंशीच्या आसपास माणसे दगावली.

पूलवेडा (दादर):
भूगोलही पाहावा. हिमाच्छादित डोंगरांतून येणारी ट्युमट नदी गावाच्या थोडे वरच मरंबिजीला मिळते, त्यामुळे दोन्ही नद्यांचे पाणी एकदम येते. १८५३ चा पूर तर आणखी उंच होता आणि त्यानंतरच गाव टेकडीवर गेले. १८६७ मध्ये लोखंडी पूल झाला, तरी सपाटी ओलांडण्यासाठी लाकडी खांबांवरचा लांबलचक मार्ग बांधावा लागला.

रानवाट (मुलुंड):
वरच्या उत्तरांत ज्यांनी माणसे वाचवली त्यांची नावे राहून गेली, म्हणून लिहिते. यारी या विराजुरी माणसाने झाडाच्या सालीच्या होडीतून, जिच्यात एका वेळी एकच माणूस मावत असे, काळोखात आणि ओंडके वाहून आणणाऱ्या प्रवाहात पुन्हा पुन्हा फेऱ्या मारल्या आणि झाडांना धरून बसलेल्यांना किनाऱ्यावर आणले. जॅकी जॅकी आणि इतर विराजुरी पुरुषही त्या कामात होते. यारी आणि जॅकी जॅकी या दोघांनी मिळून साठाहून अधिक जीव वाचवल्याचे सांगितले जाते. ज्यांचे सांगणे ऐकले गेले नाही, तेच लोक त्या रात्री पाण्यात उतरले. पुढे दोघांना गळ्यात घालण्याची धातूची सन्मानपट्टी मिळाली, परंतु शेरिडन स्ट्रीट या गावाच्या मुख्य रस्त्यावर त्यांचे शिल्प उभे राहायला २०१७ साल उजाडले.

मिठीकाठ (कुर्ला):
सर्वांचा आभारी आहे. ते शिल्प आम्ही पाहिले, पण पुढे जायची घाई असल्याने खालचा मजकूर न वाचताच निघालो, याचे आता फार वाईट वाटते. मुलगा डिसेंबरमध्ये पुन्हा त्याच रस्त्याने जाणार आहे. यारीची हकिगत त्याला आजच कळवतो.