कॉर्कच्या लिलावातलं लाल कोटाचं लघुचित्र: फ्रेडरिक बकचं असेल का?

कॉर्ककर:
नमस्कार मंडळी. इथे, आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात, एका लिलावात हस्तिदंतावरचं लंबगोल लघुचित्र येतंय. लाल कोटातला तरुण लष्करी अधिकारी, पिवळी कॉलर, रुपेरी बटणं. मागच्या काचेखाली आठवण म्हणून ठेवलेल्या केसांची वीण. सही दिसत नाही. यादीत नुसतं 'आयरिश, साधारण १८१०' लिहिलंय, अंदाज ४०० ते ६०० युरो. मला कॉर्कचाच जुना लघुचित्रकार फ्रेडरिक बक वाटतोय. हातात घेऊन काय बघू? सही आत दडली असेल तर चौकट उघडायला सांगू का?

भिंगवाली:
उघडायला मुळीच सांगू नका! हस्तिदंताचा तो पापुद्रा हवेतला दमटपणा बदलला की वाकतो, चिरतो. वर डिंकात कालवलेले जलरंग. कुणी ओल्या बोटानं पुसलं की गालच निघून आला म्हणून समजा.

बकची शंका मात्र रास्त आहे, आणि या चित्रकारावर माझा फार जीव आहे. थोरला भाऊ अ‍ॅडम १७९५ मध्ये लंडनला गेला आणि नाव कमावलं. फ्रेडरिक कॉर्कमध्येच राहिला. नेपोलियनविरुद्धच्या स्पेन-पोर्तुगालमधल्या युद्धात ब्रिटिश फौजा याच बंदरातून निघत. जुलै १८०८ मध्ये आर्थर वेलस्ली, पुढचा वेलिंग्टन, इथूनच गेला. जहाज सुटण्याआधी घरी चेहरा ठेवून जायचा म्हणून ही पोरं बककडे येत. कामाची इतकी रीघ, की तो अर्धवट रंगवलेली चित्रं तयार ठेवायचा, असं सांगतात. गिऱ्हाईक आलं की चेहरा आणि पलटणीचा रंग भरायचा.

म्हणून मी सगळ्यात आधी कॉलरची कड बघते. दहापट भिंग घ्या आणि हनुवटीखालून हळूहळू खाली या. कोट सराईत हाताने झरझर उरकलेला आणि चेहऱ्यावर मात्र बारीक रेघांचं, ठिपक्यांचं जपून केलेलं काम, असा फरक दिसला तर बकचा विचार जरूर करा. पण तेवढ्यानं ते सिद्ध होत नाही. ठिपके एकसारख्या जाळीत दिसले तर ती छापील प्रत. सरळ खाली ठेवा.

पिवळी कॉलर ८८व्या कॉनॉट रेंजर्सची होती, पण इतर पलटणींचीही होती. तेवढ्यावर पलटण ठरवू नका.

रंगपेटी:
सही नाही म्हणून हिरमुसू नका. त्या काळच्या आयरिश लघुचित्रकारांपैकी होरेस होन 'एचएच' ही आद्याक्षरं एकत्र गुंफून सही करायचा, सॅम्प्सन रॉक नावासोबत सालही टाकायचा. कॉर्क परगण्यातल्या यॉल गावात जन्मलेला हा रॉक जन्मतःच मूकबधिर होता, आणि काय हात होता त्याचा! बकची चित्रं बहुधा बिनसहीचीच सापडतात. डब्लिनच्या नॅशनल गॅलरीत आयरिश लघुचित्रांचा मोठा संग्रह आहे. तिथे होन आणि त्याच काळचा लघुचित्रकार जॉन कॉमरफर्ड यांची कामं बघून मग पाहणीला जा. डोळा असाच तयार होतो.

माझ्या मते सहीपेक्षा रंग महत्त्वाचा. गालावरची लाली उजेडानं उडते आणि चेहरा निळसर-राखाडी पडतो. तसं असेल तर अंदाजाच्या वर जाऊ नका. काचेच्या आतल्या बाजूला दवासारखे थेंब आहेत का तेही बघा. जुनी काच अशी पाझरते आणि रंग खाते. असे थेंब असतील तर काच लवकर बदलावी लागेल, तीही लघुचित्रांच्या संवर्धकाकडूनच.

डब्लिनकर:
कागदपत्रांचं आधी बघा. २०२२ पासून युरोपीय संघात जुन्या हस्तिदंती वस्तू विकायलाही प्रमाणपत्र लागतं. पुढे लंडनमधून घ्यायचं झालं तर तिथला कायदा वेगळा आहे: १९१८ पूर्वीचं आणि चौकट सोडून ३२० चौरस सेंटिमीटरपर्यंतचं लघुचित्र विकता येतं, पण विक्रेत्यानं नोंदणी करायला हवी. शिवाय आयर्लंडमध्ये आणायला साइटीसचे, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, परवाने लागतात.

कॉर्ककर:
मनापासून आभार. प्रमाणपत्राबद्दल आजच विचारते. भिंगवाली ताई, केसांच्या विणीवरून काही कळतं का?

भिंगवाली:
चित्रकार कळत नाही. पण विणीवर सोन्याच्या तारेची आद्याक्षरं असतील तर टिपून ठेवा. त्या काळच्या लष्करी याद्यांत अधिकाऱ्यांची नावं पलटणीनुसार छापलेली आहेत. पिवळ्या कॉलरच्या, रुपेरी बटणांच्या पलटणी आधी चाळा. आणि केसांचा फोटो तिरक्या उजेडात काढून इथे टाका, मला बघायचाच आहे.